साधं नाव घ्यायला बंदी

पहिल्यांदा खटकलं ते मंगळवारी, भाजीच्या गाडीपाशी. वर्तक सर मेथीची जुडी हातात धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "अगं, पाटीवरचा भाव दिसत नाहीये. ते घरीच राहिलं. काचेचं. कानाला अडकवतात ते."

मी हसले, भाव वाचून दाखवला आणि घरी आले. कुलूप काढताना लक्षात आलं, आज मंगळवार आहे. चष्म्याला चष्मा न म्हणण्याचा नियम आमच्याकडे आहे, पण तो फक्त शनिवारी असतो.

आधीच सांगून टाकते, मी कशालाही दचकते. कुकरच्या शिटीला दचकते, डोअरबेलला दचकते, आणि नवा विमानतळ झाल्यापासून डोक्यावरून विमान गेलं तरी दचकते. त्यामुळे मला काही खटकलं तर मी ते कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग "पाणी पी" म्हणतात. मंगळवारचंही मी सांगितलं नाही.

एरवी आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्से मी सगळीकडे सांगत असते. ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत. सात वाजता खुर्च्या एकावर एक रचून ठेवताना कुणीतरी "अरे, आज ते काय झालं" म्हणतं, आणि खुर्च्यांसारखाच अजून एक वर चढतो. आता ढीग इतका उंच झालाय की खालून एक ओढायचीही भीती वाटते. तरी ओढते.

* * *

वर्तक सरांनी पनवेलच्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी. आता मीही तासिका तत्त्वावर शिकवते आणि सेटची परीक्षा पुन्हा पुन्हा देते. रिटायर झाल्यावर सरांनी खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत शनिवारी पाच ते सात एक इंग्रजी महाकाव्य मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सिलॅबसमध्ये दिसलं की मुलं विषयच बदलून घेतात, त्यातलं.

ऐकायला आम्ही चौघं. मी. उलव्याहून बाइकवर येणारा, सॉफ्टवेअरमधला निनाद. मुलींच्या शाळेतून रिटायर झालेल्या शेख मॅडम. आणि जासईचे म्हात्रे काका, ज्यांचे बंदरातले कंटेनर ओढणारे तीन ट्रेलर आहेत आणि ज्यांना इंग्रजी फार येत नाही. "मग काका, तुम्ही का येता?" असं निनादनं एकदा विचारलं होतं.

काका म्हणाले, "कलत नाय. पन आवाज भारी हाय."

पहिल्याच शनिवारी निनाद वैतागला होता. "सर, हा माणूस सरळ का बोलत नाही? एक दरवाजा उघडायला आठ ओळी?"

सर म्हणाले, "दरवाजा रोजच उघडतो रे. आठ ओळींत उघडला की माणूस श्वास धरतो. आत काहीतरी असणार म्हणून."

मग त्यांनी भव्य शैली म्हणजे काय ते समजावलं. त्यात वस्तू साध्या नावानं आत येत नाही, तिला वाजतगाजत आणावं लागतं. आणि नियम करून टाकला : पाच ते सात या खोलीत कुणी कशाचंही साधं नाव घ्यायचं नाही. ज्याच्या तोंडून निसटेल त्यानं उभं राहून पुढच्या चाळीस ओळी वाचायच्या.

शेख मॅडमनी थर्मास उघडला. निनाद म्हणाला, "वा, चहा."

चाळीस ओळी संपेपर्यंत तो गार झाला होता.

* * *

नियमात सगळ्यात आधी मुरले ते काका. दुसऱ्याच शनिवारी पाऊण तास उशिरा आले. सरांनी नुसतं बघितलं.

काका दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर, अठरा पायांचा हत्ती. पाठीवर लोखंडाची खोली. खोलीत काय हाय ते हत्तीला ठावं नाय, माहुताला ठावं नाय. तो गेटावर उभा रातो, उभा रातो, त्याच्या म्होरं आनि दोनशे हत्ती. माहूत जवान असतो तवा रांगेत लागतो, नि गेट उघडतो तवा त्याच्या पोरीचं लगीन ठरलेलं असतं. त्या हत्तीमुलं उशीर झाला."

सर उठले आणि त्यांनी काकांना स्वतःची खुर्ची दिली. "मी तीस वर्षं ज्याला महाकाव्यातली उपमा म्हणून शिकवत होतो," सर म्हणाले, "ती आज जासईहून चालत आली."

"चालत नाय, आल्टोनं," काका म्हणाले, आणि चाळीस ओळींना उभे राहिले. इंग्रजी अडखळत होतं, पण आवाज खोलीबाहेर जात होता. वॉचमन बघायला आला, भांडण चाललंय का म्हणून.

* * *

शेख मॅडमचं भांडण वाक्यांशी होतं. महाकाव्यातलं वाक्य एकदा सुरू झालं की लवकर टेकत नाही. एकदा मॅडमच्या वाट्याला आलेलं वाक्य पान उलटून पुढं गेलं. मध्ये डोंगर आले, नद्या आल्या, कुणाकुणाची सैन्यं आली. कोण काय करतंय ते मात्र येईना.

मॅडमनी श्वास घेतला. "सर, क्रियापद?"

"येतंय."

अजून सहा ओळी. "सर?"

"निघालंय. वाटेत आहे."

"तौबा," मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे एवढ्या वेळात निकाह लागून लोक जेवून गेले असते."

सर इतके हसले की त्यांना खोकला आला. मी लगेच पाण्याची बाटली घेऊन धावले आणि वाटेत खुर्चीला अडखळून पडले. सगळे सरांना सोडून माझ्याभोवती. "बेटा, तू बस," मॅडम म्हणाल्या, "तुझ्यामुळे आमचीच तब्येत बिघडते."

तेव्हापासून मंडळात माझंही एक भव्य नाव पडलं. शेवटच्या खुर्चीतली, वाऱ्याला दचकणारी.

* * *

महाकाव्याच्या सुरुवातीला कवी देवतेला हाक मारतो, ये, माझ्या तोंडून तू गा, असं. हे सर समजावत होते तर काकांचे डोळे भरून आले.

"माझी आय धवलारीन होती," काका म्हणाले. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती. "आय बसली का आदी देव बोलवायची. आमच्या गावचा, त्या गावचा, खाडीपल्याडचा, डोंगरावरचा. एकेकाला नावानं. मांडवातली पोरं म्हनायची, आजी, आटप ना. आय म्हनायची, येक देव इसरला नि तोच रुसला तर?"

"मग काय करायच्या?" निनादनं विचारलं.

"परत पयल्यापासून."

सरांनी त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं आणि काकांना ती सगळी यादी म्हणायला लावली. नियमाचं काय, असं निनादनं हळूच विचारलं, कारण यादीत सगळी साधी नावंच होती. सर म्हणाले, "देवाला सूट आहे."

* * *

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचाही किस्सा आहे. टाकी वर्षभर धुतली नव्हती. सगळ्यांनी तक्रारी केल्या, सेक्रेटरींनी सगळ्या फाइलला लावल्या. मग सरांनी एक पत्र लिहिलं. तीन पानं, एकच वाक्य. त्यात गच्चीवरचा तो काळा गोल किल्ला होता, त्यात कोंडलेलं पाणी होतं, त्या पाण्यात पिढ्यानपिढ्या नांदणारे हिरवे वंश होते, आणि ज्याच्या कमरेला त्या किल्ल्याची किल्ली आहे त्याची निद्रा होती.

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. मग वकिलाला दाखवलं. वकील म्हणाले, "मला नीट समजलं नाही, पण हा माणूस कोर्टात जाणार."

दुसऱ्या दिवशी टाकी धुतली.

हे सरांनी आम्हाला सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून, दोन्ही हात हलवत, एकेक वंशाचं वर्णन करत होते. मला ते हात आठवतात. पुढं जे सांगायचंय त्यासाठी आठवतात.

* * *

मंगळवारनंतर गुरुवारी ग्रुपवर सरांचा मेसेज आला. "शनिवारी येताना ते आणा सगळ्यांनी. पानं असतात ते."

निनादनं टाळ्यांचे पाच हात पाठवले. मॅडमनी लिहिलं, "माशाल्लाह, आता ग्रुपवरही नियम लागू." काकांनी अंगठा टाकला.

मी टाइप केलं, "सर, बरे आहात ना?" मग पुसलं. मग पुन्हा टाइप केलं. मग मनात आलं, निनाद हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवेल. पुसलं, आणि मीही टाळ्यांचे हात पाठवले.

* * *

शनिवारी पाचला आम्ही पोचलो तर सर आधीच खोलीत बसले होते. वर बघून म्हणाले, "ते लावा. वरचं. फिरतं ते."

निनादनं पंखा लावला. मॅडमनी लगेच भर घातली, "छताला बांधलेला वाऱ्याचा चाकर." सर त्यांच्याकडे बघून हसले. मला ते हसू अर्धं वाटलं. पण मला काहीही वाटतं.

मग पुस्तक निनादकडे सरकवत, "तू. हे. पानांचं." थर्मासकडे बोट करून, "ते द्या. गरम."

"मास्तर आज लई जोरात हायेत," काका म्हणाले.

मी शेवटच्या खुर्चीत बसून मोजायला लागले. सरांची उपमा एकदा निघाली की संपता संपायची नाही, हा आमचा नेहमीचा विनोद. आज ती निघतच नव्हती. दोन शब्द, तीन शब्द, की थांबली. बाकीच्यांना वाटत होतं सर कोडी घालतायत. ते उरलेलं वाक्य आनंदानं पूर्ण करत होते आणि सर प्रत्येक वेळी मान हलवत होते, हो, हो, तेच.

मॅडमनी कप दिला. सरांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. टेबलाच्या कडेपासून वीतभर अलीकडे. हवेत.

कप फुटला, मी किंचाळले, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कपाकडे कुणीच नाही.

"बेटा, कप आहे, बॉम्ब नाही," मॅडम म्हणाल्या.

सरांचा उजवा हात अजून तसाच होता, बोटं कपाच्या कानाएवढी वाकलेली. मी उठून पुढं गेले. खिशातलं पेन काढून त्यांच्यासमोर धरलं.

"सर, हे काय आहे?"

"अश्विनी, सांभाळ," निनाद म्हणाला, "चाळीस ओळी."

"नियम बंद. सर, मला नुसतं नाव सांगा. एक शब्द."

सर पेनकडे बघत राहिले. "ते," म्हणाले. "लिहि... ते. हातात."

काकांनी टाळी वाजवली, दुसरी वाजवली. तिसरीला त्यांचे हात जवळ आलेच नाहीत. ते पुढं वाकले आणि लहान पोराशी बोलावं तसे म्हणाले, "मास्तर, पेन म्हना. काय नाय, निस्तं पेन म्हना."

सरांनी ओठ मिटले, उघडले. काहीच आलं नाही. मग टेबलाला हात लावून ते उठायला लागले. शिक्षा घ्यायला उठत होते की आमच्यापुढून निघून जायला, मला आजही माहीत नाही. उजवा पाय त्यांच्याबरोबर उठला नाही.

* * *

काकांनी सरांना दोन्ही हातांवर उचललं. आल्टोत मागं मी आणि मॅडम, मधे सर. निनाद पुढं बाइकवर, रस्ता मोकळा करत. काका हॉर्नवरून हात काढत नव्हते आणि प्रत्येक हॉर्नला मी दचकत होते. सर माझा हात धरून होते, डाव्या हातानं. पुढून काकांचा आवाज येत होता. एकेक देव नावानं. आमच्या गावचा, त्या गावचा, खाडीपल्याडचा. एका सिग्नलला ते मध्येच अडकले, पुटपुटले, "कोन राह्यला," आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

मॅडम आपल्या ओढणीत तोंड घालून आपलं म्हणत होत्या.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होत्या, भरभर बोलत होत्या. रक्तस्राव नाही, रक्ताची गाठ अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर उलट डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

"कधी सुरू झालं?"



"पाच वाजता आम्ही आलो तेव्हा असंच बोलत होते," निनाद म्हणाला.

"असंच म्हणजे?"

"म्हणजे, नाव न घेता. पण आम्ही सगळेच तसं बोलतो."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "सगळेच?"

मॅडमनी नियम समजावून सांगितला. साध्या शब्दांत सांगायला त्यांना फार वेळ लागला. डॉक्टर ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते बघवत नव्हतं.

मला वाटलं सगळं सांगायला हवं. मी मंगळवारचं सांगितलं. काचेचं, कानाला अडकवतात ते. गुरुवारचा मेसेजही दाखवला.

"मंगळवार?" डॉक्टर म्हणाल्या. "मग मी कसं देऊ इंजेक्शन? मधे बरे झाले होते का? आज शेवटचं नीट, सलग, साध्या नावांनी कुणाशी बोलले? ते कळलं तर मला पुढं जाता येईल. नाही कळलं तर नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझं खटकलेलं कुणीतरी खरं मानलं होतं, आणि त्यामुळंच सरांचं इंजेक्शन अडलं होतं.

निनादनं वॉचमनला फोन लावला. "सरांनी जाताना हात केला फक्त," वॉचमन म्हणाला. शेजारचे गावाला गेलेले. मॅडमनी सरांच्या खिशातला फोन काढून माझ्याकडे दिला. काकांनी सरांचा अंगठा अलगद उचलून त्यावर टेकवला. उघडला.

शेवटचा कॉल : चिऊ. चार एकेचाळीस. सहा मिनिटं.

चिऊ म्हणजे सरांची मुलगी, नाशिकला औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये. आत फोन नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत ती बाहेर येऊन वडिलांना फोन करते, हे सर नेहमी सांगायचे.

"सहा मिनिटं बोलले हे कळलं," डॉक्टर म्हणाल्या, "कसे बोलले ते कळायला हवं."

मी लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. निनाद इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधत होता. तो लागला तर शनिवारी ऑफिस बंद असल्याचं रेकॉर्डिंग. मी पुन्हा लावला. काचेपलीकडे सर पडून होते, डोळे उघडे, आमच्याकडेच. त्यांना सगळं समजत होतं, हे सगळ्यात वाईट होतं.

"म्हात्रे काका, बसा जरा," मॅडम म्हणाल्या.

"बसलो का उठवनार नाय," काका म्हणाले, आणि उभेच राहिले.

सातवी खेप. आठवी. घड्याळात सहा बावन्न. एक नर्स येऊन डॉक्टरांच्या कानाशी काही बोलली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. नववी. मी फोन खुर्चीवर ठेवला, स्पीकर लावला आणि बोटानंच दाबलं. दहावी.

अकराव्या खेपेला वाजणं मध्येच तुटलं. मला वाटलं कट झाला. मग पलीकडून लॉकरचं दार आपटल्याचा आवाज आला, मी दचकले, आणि एक दमलेला, हसरा आवाज म्हणाला, "काय हो बाबा, आता काय राहिलं? मघाशी तर रवा, तूप, वेलची, बेदाणे सगळं एकेक नाव घेऊन विचारून घेतलंत, वर दहा वेळा सांगितलंत की कढईचा कान तुटलाय म्हणून."